मुका भोंगा आणि नारिंगी होडी

तिघे डोंगरावर निघाले ते एक भोपळा शोधायला.

भोपळा म्हणजे भाजीचा नव्हे. विद्यापीठाच्या तीन विभागांनी मिळून बनवलेले, गोल पोटाचे, पाण्यावर तरंगणारे एक यंत्र. डोंगरमाथ्यावर हिमनदी वितळून मोठे तळे साचले होते आणि त्याला अडवून धरायला होता फक्त दगडमातीचा एक आपोआप झालेला बांध. त्यात ना सिमेंट, ना पोलाद. तळ्याचे पाणी प्रमाणाबाहेर चढले की भोपळ्याने खाली गावाला कळवायचे आणि गावातल्या भोंग्याने बोंब ठोकायची, एवढेच काम. यंत्राचे खरे नाव तीन विभागांच्या बैठकांत इतके लांबत गेले की शेवटी ते यंत्रावर मावेना. म्हणून भोपळा.

रोज दुपारी भोपळा 'मी जागा आहे' एवढा निरोप पाठवी आणि खाली भोंगा एक छोटासा हुंकार देई. उन्हे तापू लागली, बर्फ वितळू लागले, तळे भरू लागले आणि ऐन गरजेच्या वेळी भोंगा मुका झाला.

हा भोंगा ज्या घराच्या अंगणात खांबावर बसवला होता ते घर नदीला सगळ्यात जवळचे, आणि त्या तिघांतल्या रंगारीच्या आईचे. भोंग्याच्या खांबाला आईने कपडे वाळत घालायची दोरी बांधली होती. "पाणी उतरेपर्यंत टेकडीवर मावशीकडे जाऊन राहा," असे मुलांनी किती वेळा सांगितले! आईचे उत्तर ठरलेले. "भोंगा वाजला की जाईन. त्याच्यासाठीच लावलाय ना तुम्ही?"

आपल्या कामावर इतका विश्वास ठेवणारी आई असणे, यासारखी जोखीम नाही.

रंगारी विद्यापीठात डिझाइन शिकवत असे. हे नाव तिच्या थोरल्या भावाने ठेवलेले. तो अभियांत्रिकी विभागात होता आणि बहिणीचा सगळा विभाग डब्यांना रंग लावायला उघडला आहे, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. तिसऱ्या होत्या पर्यावरणशास्त्राच्या प्रमुख. त्यांना अख्खे विद्यापीठ नुसते 'बाई' म्हणे, कुलगुरूसुद्धा.

"यंत्र बोलत असलं की आपण कुठे आहोत तेही सांगतं," चढताना दादा म्हणाला. "मुकं झालं की डोळ्यांनीच शोधायचं."

"मग शोधू की," बाई म्हणाल्या.

दादाने फक्त बहिणीकडे पाहिले. ती बुटांच्या नाड्या बघू लागली.

कारण अडचण तिथेच होती. पाणपक्षी बिचकतील असा रंग भोपळ्याला द्यायचा नाही, अशी बाईंची अट होती. रंगारीने ती अशी काही मनावर घेतली की अख्खा हिवाळा तळ्याच्या पाण्याचे नमुने बाटल्यांत भरून ती रंग जुळवत बसली. करडा, त्यात हिरवट झाक, त्यावर बर्फाची निळाई. काम इतके फर्मास झाले की एका स्पर्धेत परीक्षकांना तो भोपळा छायाचित्रात सापडलाच नाही. पहिले बक्षीस मिळाले.

आता त्या तळ्यात, त्या तळ्याच्याच रंगाचा भोपळा शोधायचा होता.

तिघे बांधाच्या माथ्यावर पोचले. तळे पसरले होते डोंगराच्या कुशीत, लांबच लांब, पार पलीकडच्या टोकापर्यंत, जिथे हिमनदीची भेगाळलेली भिंत थेट पाण्यात उभी होती. पाण्यावर बर्फाची ढेकळे संथपणे फिरत होती. गेल्या वर्षी बांधाच्या आतल्या अंगाला ज्या काळ्या खडकावर बसून त्यांनी डबे उघडले होते तो खडक आता पाण्याखाली होता. त्याचे टोकसुद्धा दिसत नव्हते.

"दादा," रंगारी हळूच म्हणाली, "आई आत्ता कपडे वाळत घालत असेल."

"चल," दादा म्हणाला.

आधी काठाकाठाने उतारावरून जाऊन वरून तळे न्याहाळायचे ठरले. तो उतार म्हणजे सुट्या दगडांचा नुसता ढीग. बांध, उतार, सगळे एकमेकांच्या भरवशावर उभे होते. थोडे अंतर गेले असतील नसतील, रंगारीच्या पायाखालचा दगड हलला. मग त्याच्या शेजारचा. मग सगळेच!

ती घसरली. दगड तिच्यासोबत धावू लागले. खाली पाणी! तिने नखे रोवली, हाती माती आली. "दादा!" पाठीवरच्या पिशवीचा पट्टा कशात तरी अडकून ताणला गेला. तो दादाच्या मुठीत होता. दादा पालथा पडला होता आणि त्याचे पाय बाईंनी धरले होते. दगड मात्र थांबले नाहीत. ते बुडुक बुडुक करत पाण्यात गेले आणि बराच वेळ जात राहिले.

ती कशीबशी वर आली.

"या उतारावर मी परत पाय ठेवणार नाही," ती म्हणाली.

"नकोच ठेवू. होडी आहे," दादा म्हणाला.

होडी होती खरी. रंगारीच्या विद्यार्थ्यांनी परीक्षेसाठी बनवलेली, घडी घालून पाठीवर न्यायची, भडक नारिंगी. तिला पैकीच्या पैकी गुण होते. घडी सुबक, शिवण सरळ, सादरीकरण उत्तम. तिला पाण्यात उतरवून पाहावे अशी अट मात्र परीक्षेत नव्हती.

"हा रंग म्हणजे पक्ष्यांच्या डोळ्यांत तिखट टाकणं आहे," असे म्हणत बाई होडीत बसल्या.

होडी तरंगली. तिघांनीही हे फार मनावर घेतल्यासारखे दाखवले नाही.

तळ्यावर धुके उतरू लागले. वल्ही मारायची, थांबायचे, दुर्बीण फिरवायची. पाणी, बर्फ, पाणी. एकदा दादा ओरडला, "तो बघ!" तर ते बर्फ. एकदा रंगारी ओरडली, तर ते पाणीच. आपण केलेली वस्तू इतकी चांगली झाल्याचे दुःख तिला आयुष्यात पहिल्यांदाच होत होते.

"थांबा," बाई अचानक म्हणाल्या.

हिमनदीच्या भिंतीजवळ, पलीकडच्या टोकाच्या खडकांपासून हातभर अंतरावर, एक तपकिरी पक्षीण बसली होती. पोहत नव्हती, उडतही नव्हती.

"बसलीय," दादा म्हणाला. "पक्षी बसतात."

"पाण्यावर बसतात. पाण्याच्या वीतभर वर बसत नाहीत."

तिघांनी एकमेकांकडे पाहिले आणि वल्ही हाणली!

ते भिंतीच्या सावलीत शिरले आणि वरून आवाज आला. जाड कापड फाटावे तसा. भिंतीचा एक तुकडा, दुमजली घराएवढा, सावकाश पुढे वाकला.

"वाका! खाली वाका!"

बर्फ पाण्यात कोसळले. लाट उठली, होडीला उचलून उभी केली, फिरवली, आपटली. रंगारीने डोळे उघडले तेव्हा होडीत दोघीच होत्या.

"दादा!"

एक हात. काळ्या पाण्यातून एक हात! तिने तो धरला. बाईंनी दंड धरला. होडी कलली, पाणी आत आले, ओढ, ओढ, अजून! आणि दादा एखाद्या ओल्या गादीसारखा आत येऊन पडला. त्याचे ओठ निळे पडले होते. खिशातला सॅटेलाइट फोन तळ्याच्या तळाशी चालला होता.

"शि... शिवण," तो दात वाजवत म्हणाला, "शिवण चांगली आहे गं होडीची."

रंगारीने वल्हे उचलले.

त्यांनी खडकाला होडी लावली. दादाला कोरडे कपडे चढवले, बाईंनी आपली टोपी त्याच्या कानांवर ओढली, आणि मग सगळे भोपळ्याकडे वळले. नांगराची साखळी ओढत तो वाऱ्याने इथवर आला होता. त्याच्या माथ्यावर गवत, पिसे, शेवाळ यांचे गच्च घरटे होते. पक्षीण फिस्कारली, पण उठली नाही.

"पॅनलवर," दादा म्हणाला. "बरोब्बर सोलर पॅनलवर घातलंय घरटं. ऊन नाही, वीज नाही. उपाशी मेलंय यंत्र. बाकी सगळं ठीक असणार."

बाईंना पक्षी बिचकायला नको होते. पक्षी बिचकला नव्हता. घर करून राहिला होता.

पक्षीण जरा सरकली तेव्हा तिच्या पोटाखाली अंडी दिसली. फिकट, ठिपक्यांची.

धुक्यात कुठेतरी पुन्हा बर्फ तडकले. रंगारीच्या डोळ्यांपुढे खांबाला बांधलेली दोरी होती आणि तिच्यावर आईची चादर.

"काढ," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कोरडा होता. त्यांनी पाठ फिरवली. "खाली माणसं आहेत. काढ तू. मी इकडे बघते."

रंगारीने हात पुढे केला. पक्षिणीने चोच मारली. बोटातून रक्त आले. पक्षीण पुन्हा अंड्यांवर घट्ट बसली आणि तिच्याकडे बघत राहिली. जागा सोडायची नाही, काय व्हायचे ते होवो. हा हट्ट रंगारीला चांगला ओळखीचा होता. लहानपणापासून ती अशाच हट्टी आईच्या हातचे जेवत आली होती.

तिने हात मागे घेतला.

"दादा, तुझ्या पाठपिशवीवरचं पॅनल. फोन चार्ज करायचं."

"आहे. फोन नाही, पण पॅनल आहे."

"त्यावर भोपळा चालेल?"

"चालेल. पण ठेवणार कुठे? भोपळ्यावर जागा नाही. काठावर ठेवलं तर पाणी चढलं की तार तुटणार. ते भोपळ्यासोबतच तरंगलं पाहिजे." एवढे बोलून तो थांबला. रंगारी होडीकडे बघत होती.

"नाही," तो म्हणाला. "अगं, मग परत कसे जाणार?"

"उतारावरून."

"तू मघाशी म्हणालीस..."

"म्हणाले."

बाई वळल्या. त्या स्वतःच होडीतले सामान बाहेर काढू लागल्या.

होडी पालथी घातली. तिच्या पाठीवर पॅनल घट्ट बांधले. दादाच्या बोटांना स्क्रू धरवेनात, तेव्हा तो सांगत गेला आणि रंगारी करत गेली. लाल तार इथे, काळी तिथे, जोडावर रबर, त्यावर पुन्हा रबर. पक्षीण सारखी टोचत होती. नांगराची साखळी आवळली. शेवटी होडीची दोरी भोपळ्याच्या कडीला बांधली, अगदी आवळून.

धुके पातळ झाले. पॅनलवर उजेड पडला. भोपळ्याच्या पोटावरचा इवलासा दिवा हिरवा लुकलुकला.

"जागा झाला," दादा म्हणाला. निरोप खाली पोचला की नाही हे कळायला काही मार्ग नव्हता.

मग तो उतार. दादाला कापरे भरले होते, तो वाट काढू शकत नव्हता. बाईंचे गुडघे जुने. रंगारी सगळ्यात हलकी. तिघांनी कमरेला एकच दोर बांधला आणि ती पुढे झाली.

दगड चाचपायचा. भार टाकायचा. थांबायचे. पुढचा दगड. एक दगड निसटला! पाय मागे! श्वास. दुसरा दगड. मागून दोर ताणला जाई, सैल होई. मधूनच बाईंचा आवाज येई, "अरे, झोपू नकोस. बोल काहीतरी." आणि दादा हुडहुडत बहिणीच्या विभागाची निंदा करत राही. ती निंदा ऐकू येत होती तोवर रंगारी चालत होती. एकदा निंदा थांबली. रंगारीही थांबली. मग मागून आले, "...आणि पडदे! यांना पडद्यांवरसुद्धा पदवी मिळते!"

ती हसली, डोळे पुसले आणि पुढचा दगड चाचपला. बांधाचा माथा येईपर्यंत तिने एकदाही खाली पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पोचले तेव्हा आई दारात उभी होती. तिने आधी दादाचा चेहरा पाहिला, मग पाणी तापत ठेवले आणि त्यानंतर तोंड उघडले.

"तुमचा भोंगा काल दुपारी वाजला. इतक्या दिवसांनी ओरडला, म्हणजे पाणीच आलं असं समजून मी गाठोडं घेऊन धावत टेकडीवर. तर तो एकदाच वाजून गप्प! अख्खं गाव हसलं मला."

रंगारीने आईला मिठी मारली. आईला कारण कळले नाही, पण तिने मिठी मोडली नाही.

उन्हाळा सरता सरता एका दुपारी भोंगा वाजला आणि थांबलाच नाही. या वेळी कुणी हसले नाही. आई पुढे, गाव मागे. सगळे टेकडीवर पोचल्यावर दरीतून बांध फुटल्याचा आवाज आला आणि मग पाणी आले. करडे, उभे, झाडांना मुळासकट घेऊन येणारे. नदीकाठी एकही घर उरले नाही. टेकडीवर डोकी मोजली, तेव्हा एकही कमी नव्हते.

पाणी ओसरल्यावर तिघे आईसोबत खाली गेले. घराच्या जागी चिखल होता. भोंग्याचा खांब तेवढा वाकडा होऊन उभा होता, आणि त्याच्या बुडाशी, लांबूनसुद्धा नजर जाईल अशी, एक भडक नारिंगी होडी अडकून पडली होती.

तिची दोरी चिखलात शिरली होती. दुसऱ्या टोकाला काही दिसत नव्हते. रंगारी गुडघ्यांवर बसली आणि दोरीला धरून हात आत घालत गेली. गोल पोट हाताला लागले.

दादाने भोपळा उघडून आतल्या नोंदी वाचल्या. बाईंनी एकच विचारले, आणि तेही दुसरीकडे बघत. "घरट्याचं काही?"

"घरटं वाहून गेलं, बाई. पण हे बघा. बांध फुटायच्या कितीतरी आधीपासून भोपळ्याचं जुनं पॅनलही वीज द्यायला लागलं होतं. रोज थोडी जास्त. म्हणजे पिल्लं केव्हाच निघून गेली होती आणि रिकामं घरटं वाऱ्याने उडत होतं."

बाईंनी चष्मा काढून बराच वेळ पुसला.

"पुढचा भोपळा नारिंगी कर," त्या रंगारीला म्हणाल्या.

"आणि पक्षी?"

"पक्ष्यांना मी विचारलं नव्हतं."

आई तोवर होडीची दोरी सोडत होती. ती तिने ताणून पाहिली, चिखल पुसला आणि खांबाला गाठ मारली. दुसरे टोक हातात धरून ती घर होते त्या जागी उभी राहिली आणि बांधायला काही मिळते का ते शोधू लागली.

"चांगली दोरी आहे," ती म्हणाली. "तुटली नाही."

रंगारी पुढे गेली आणि दोरीचे ते टोक तिने आईच्या हातातून आपल्या हातात घेतले.