बुडख्यावरचं पोतं

माझा मित्र मीठ आणायला बाहेर पडला, तिथून सगळं सुरू झालं. फेब्रुवारीतला दुसरा शनिवार होता तो. मित्र म्हणजे शिंपी. माझी पँट तो माप न घेता शिवायचा, कारण माझं पोट किती सुटलंय ते त्याला माझ्याआधी कळायचं. हसा पोरांनो, आत्ताच हसून घ्या.

त्याच्या स्वयंपाकघरामागे बदामाचं झाड होतं. कुणी लावलेलं नाही, आपलं आपण उगवलेलं. पाहुणा म्हणून आलं आणि मालक होऊन बसलं. पानांनी पन्हळ तुंबायची, मुळांनी मोरीची फरशी उचलली होती, आणि स्वयंपाकघरात भरदुपारी दिवा लावावा लागायचा. वहिनींची रोज कटकट. त्यांची जीभ म्हणजे कात्रीच, शिंप्याच्या घरात शोभून दिसणारी. मूलबाळ नव्हतं. दोघं दिवसभर भांडायची, पण एकमेकांवाचून घास गिळायची नाहीत.

शेवटी लाकूडतोड्यानं झाड पाडलं, फांद्या नेल्या. मागे राहिला गुडघाभर बुडखा.

"हा खणायचा तर मोरीची भिंत जाईल," तो म्हणाला. "भोकं पाडा, मीठ ठासा, वरून पोतं टाका. कुजेल आपोआप."

दुकानदारानं विचारलं, "एवढं मीठ? समुद्र घरी नेताय की काय?"

संध्याकाळी शिंप्यानं ड्रिलनं भोकं पाडली, मीठ ठासलं, ओलं पोतं घालून वर दगड ठेवला. वहिनी दारातून म्हणाल्या, "मशीनवर कधी एवढं मन लावून बसला असतात तर!"

त्याच रात्री त्यांनी त्याला हलवून जागं केलं. "अहो, पाणी द्या. तोंड कसं खारट खारट झालंय."

"गोड कधी होतं?" असं म्हणत त्यानं तांब्या दिला. मग आणखी एक. पहाटेपर्यंत कळशी रिकामी.

आठवडाभर हेच. डॉक्टरांनी रक्त तपासलं, साखर तपासली. सगळं ठीक. आणि वहिनी वाळत चाललेल्या. ओठ भेगाळलेले. सगळ्यात वाईट म्हणजे त्या भांडायच्या थांबल्या. तो मुद्दाम भाजीला नावं ठेवायचा, त्या नुसत्या बघत राहायच्या. माझ्यासमोर रडला तो. "ही गेली तर मी काय करू रे?" म्हणाला. मी म्हटलं, होईल बरी.

पुढच्या शनिवारी, रात्री साडेबाराला, त्या झोपेत बोलल्या.

"ते पोतं काढा... श्वास कोंडतोय."

त्यांच्या अंगावर साधी चादरही नव्हती. तो बघत राहिला. मग त्याला आठवलं, पोतं कुठे आहे ते.

बॅटरी घेऊन तो मागच्या दारानं धावला. दगड ढकलला. पोतं ओढलं. सगळी भोकं रिकामी. मिठाचा कणही नाही. बुडखा वरून भेगाळलेला... वहिनींच्या ओठांसारखा.

त्यानं बादली भरली. ओतली. पाणी तिथल्या तिथे आत गेलं.

आणि झोपायच्या खोलीच्या खिडकीतून आवाज आला. घट्... घट्...

वहिनी पाणी पीत होत्या. आत त्यांना पाणी द्यायला कुणी नव्हतं.

"बरं वाटतंय का गं?"

"हं... आणखी."

आवाजात जरा जीव आला होता. आनंदानं वेडा झाला तो. दुसरी बादली. तिसरी. धावत होता, ओतत होता.

"पुरे का?"

घट्...

"अगं?"

...

घट्...

झोपेत पितेय, त्याला वाटलं. पिऊ दे. पोटभर पिऊ दे. टाकीत थेंब उरला नाही, तेव्हा थांबला.

आत गेला. दिवा लावला.

बिछाना कोरडा. उशी कोरडी. वहिनींचं तोंड उघडं... आणि काठोकाठ पाण्यानं भरलेलं.

पाणी हलतही नव्हतं.

...

डॉक्टर म्हणाले, बुडून गेल्यात. पलंगावर कोण बुडतं? पण कुणी विचारलं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही. मला सांगितलं, तेही फार उशिरा.

त्यानं घर सोडायचं ठरवलं. सामान काढायला मी गेलो होतो, तेव्हा हे पुढचं ऐकीव नाही. हमालानं आणि मी पलंग उचलला. तीन पाय सुटले. चौथा सुटेना. वाकून पाहिलं. जुनं लाकूड, वरून पॉलिश. त्यातून पांढरं मूळ फुटलेलं, केसाएवढं बारीक, फरशीच्या फटीत गेलेलं.

हमालानं चाकू काढला. शिंप्यानं मध्ये हात घातला.

"नको," तो म्हणाला. "तिला लागेल."

पलंग तिथेच राहिला. तोही राहिला. अजून आहे, त्याच खोलीत. मशीन विकून टाकलं त्यानं.

निघताना मी त्या मुळाला बोट लावलं.

कोमट होतं.