वेळ संपली, असं म्हणायचं राहिलं

ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू होता, मांस वर्ज्य, आणि ऑक्सफर्डच्या आमच्या वसतिगृहात रोज तोच खारवलेला हेरिंग मासा. त्यावर उतारा म्हणून जेवण झालं की आम्ही विद्यार्थी वादाचा खेळ मांडायचो. एकाने धडधडीत खोटं विधान मांडायचं, दुसऱ्याने 'मान्य' म्हणून ते पत्करायचं. मग पहिल्याने प्रश्न विचारून कितीही कोंडीत पकडलं, तरी दुसऱ्याने त्या खोट्याशी विसंगत एक शब्द बोलायचा नाही. मांडणारा 'वेळ संपली' म्हणेल तेव्हाच सुटका.

या खेळात ऑस्बर्टला कुणी हरवलं नव्हतं. माझा जिवाभावाचा दोस्त, आणि तितकाच आगाऊ. त्या वर्षी मात्र छातीच्या दुखण्याने तो अंथरुणाला खिळला. वैद्य मास्टर गर्व्हासनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "रविवारपर्यंत काढेल असं वाटत नाही."

मला रडू येत होतं, म्हणून मी खेळ काढला.

"ऑस्बर्ट, मांडतो. तू ठणठणीत बरा आहेस."

"याहून खोटं काही सुचलं नाही का रे, गाढवा?" तो धापा टाकत हसला. "मान्य."

"मग ऊठ. बरा माणूस भरदुपारी लोळत नाही."

तो उठला. जेवला. माझ्या ताटातला मासाही त्यानेच संपवला.

संध्याकाळी गर्व्हासनी त्याचं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. "नाडी लागत नाही," ते म्हणाले.

"हे मला मान्य नाही," ऑस्बर्ट नम्रपणे म्हणाला.

वैद्य पुन्हा फिरकले नाहीत. आणि मी 'वेळ संपली' म्हटलं नाही. म्हणणार कसा? तो बरा नव्हता, म्हणूनच तर खेळात बरा होता. हा पेच कुणा गुरूपुढे ठेवायची मला कधी हिंमत झाली नाही.

त्याला बेचाळीस वर्षं झाली. मी एका खेड्यात पाद्री आहे, केस पार पिकलेत. ऑस्बर्ट बावीसचाच. आधीच्या गावात मी त्याला धाकटा भाऊ म्हणून सांगायचो, इथे पुतण्या म्हणून सांगतो. माझ्या प्रत्येक प्रवचनात तो अजून खोड्या काढतो.

यंदा हिवाळ्यात माझ्याच छातीने दगा दिला. मी न बोलता गेलो, तर तो कायमचा अडकणार. बोललो, तर माझ्याच तोंडाने तो जाणार. काल दुपारी मी मन घट्ट केलं.

"बस इथे. आज मी ते म्हणणार आहे."

"एवढी घाई?"

"मी गेल्यावर तुला कोण सोडवेल, वेड्या?" मी तोंड उघडलं आणि खोकल्याची उबळ आली.

त्याने माझा हात धरला. "थांब, राल्फ. बेचाळीस वर्षं तूच मांडतोयस. आता माझी पाळी. मांडतो. राल्फ ठणठणीत बरा आहे."

मला 'अमान्य' म्हणता आलं असतं. पण खरं सांगतो, त्याला सोडून जायची माझी मुळीच इच्छा नव्हती.

"मान्य," मी म्हणालो.

खोकला थांबला.

आता त्याला मी सोडवायचं, आणि मला त्याने. दोघांनाही ते जमणार नाही.

स्वयंपाकाला येणारी मॉड दार ढकलून आत आली. "अगंबाई, उठून बसलात की, फादर!" ती हरखली. "आणि हा गारठा केवढा! विस्तव कधीचा विझलाय, नि तुम्ही दोघं खुशाल गप्पा मारताय!"

बोलताना तिच्या तोंडातून वाफा निघत होत्या. फक्त तिच्याच.