बनसोडबाईंचे अपूर्णांक

वैजयंती बनसोड यांचे अपूर्णांक सोमवारी सकाळी सव्वादहा वाजता काढून घेण्यात आले. दुखलंखुपलं काही नाही. डॉ. रेहाना मुजावर यांनी त्यांच्या डोक्यावरची टोपी उतरवली, समोर एक कागद धरला आणि विचारलं, "हे काय आहे?"

"वर एक, खाली दोन," बाई म्हणाल्या. "मधे रेघ कशाला मारलीये?"

"छान," डॉक्टर म्हणाल्या. "उद्यापासून तुम्ही सहावी ब."

चिंचवडच्या शिक्षक सिद्धता केंद्रात हे रोजचंच होतं. शहरातल्या शाळांना गणित-विज्ञानाचे शिक्षक मिळेनासे होऊन वीस वर्षं झाली होती. आधी पडद्यावरचे शिक्षक आणून पाहिले. ते थकत नसत, चिडत नसत, आणि पोरांना काय कळलं नाही हे त्यांना शेवटपर्यंत कळत नसे. मग पगार वाढवून मोठमोठ्या पदव्यांची माणसं आणली. वर्षाच्या आत एकतर ती पळत, नाहीतर पोरं तरी पळत. कारण साधं होतं. एखादी गोष्ट पक्की कळली की ती कळत नव्हती तेव्हा कसं वाटत होतं, हे माणूस पार विसरून जातो. पोहता येणाऱ्याला पहिल्या दिवशी नाकात गेलेलं पाणी आठवत नाही, तसंच.

डॉ. मुजावरांचा उपाय यावरच होता. एखादी संकल्पना मेंदूतल्या एका पेशीत राहत नाही. हजारो पेशी एकमेकींशी ठरावीक रीतीने बोलतात, तेव्हा ती आपल्याला 'येते'. टोपीतल्या चुंबकीय लहरी तेवढंच बोलणं बंद करत. शेजारच्या पेशींना त्याचा पत्ताही लागत नसे. सरकारी कागदांत याला 'संकल्पना-विराम' म्हणत, बाकी सगळे 'पुसणी' म्हणत. उमेदवाराची एक संकल्पना पुसायची, त्याला पंधरा दिवस पोरांमध्ये बसवायचं आणि सोळाव्या दिवशी पुन्हा टोपी घालून 'परती' करायची, म्हणजे पुसलेलं परत द्यायचं. मग त्याने वर्गावर पाठ घ्यायचा. पोरांना कळला तर नेमणूक.

बनसोडबाईंनी बावीस वर्षं भोसरीच्या एका कारखान्यात गिअर आखले होते. कारखान्याने आखणीचं काम यंत्रांकडे दिल्यावर त्यांनी शिक्षक व्हायचं ठरवलं आणि दोनदा पाठ घेऊन दोनदा नापास झाल्या. दोन्ही वेळा पोरांची तक्रार एकच होती: बाई सारखं "सोप्पंय रे" म्हणतात. ही तिसरी आणि शेवटची संधी. आता धास्ती एवढीच, की अपूर्णांक परत आलेच नाहीत तर? नोकरी तर जाईलच, वर बावीस वर्षांची कमाईही जाईल. संमतिपत्रावर छापलं होतं, 'सोळाव्या दिवशी उमेदवाराला अपूर्णांक येत असतील.' ते वाक्य तीनदा वाचून बाईंनी सही केली होती.

पहिल्याच आठवड्यात बाईंची भंबेरी उडाली. अर्धा आणि पाऊण ही नावं ओळखीची होती, पण त्यांतलं जास्त कुठलं ते कळेना. घरचा शिरा दोनदा बिघडला. वर्गात त्या श्रुतिका नावाच्या अकरा वर्षांच्या मुलीशेजारी बसत. एक दिवस वर्गशिक्षक ढमाले सरांनी फळ्यावर गणित मांडलं: एक छेद दोन अधिक एक छेद तीन. बाईंनी झटकन हात वर केला.

"दोन छेद पाच! वर एक न् एक दोन, खाली दोन न् तीन पाच."

"का पण?" सरांनी विचारलं.

"का म्हणजे? श्रुतिकानं दोन चेंडू टाकले, एक स्टंपला लागला. मी तीन टाकले, एक लागला. पाचांतले दोन लागले. चुकलं कुठं?"

अख्ख्या वर्गाने माना डोलवल्या. सरांनी फुली मारली नाही. म्हणाले, "चेंडूंचं अगदी बरोबर आहे. आता भाकरीचं सांगा. तुम्ही अर्धी भाकरी खाल्ली, वर तिसरा हिस्सा खाल्ला. तुमच्या उत्तराप्रमाणे भाकरीचे तुकडे पाच, पोटात गेले दोन. उरले किती?"

"तीन."

"म्हणजे खाल्ली त्याहून जास्त उरली? अहो, अर्धी तर आधीच संपली होती!"

बाई वहीत भाकरीचं चित्र काढू लागल्या. श्रुतिका हळूच म्हणाली, "सोप्पंय ओ बाई." बाईंना अशी सणक आली की या पोरीची वही खिडकीतून फेकून द्यावी. आणि मग भयंकर लाज वाटली. हाच शब्द आपण किती पोरांच्या तोंडावर फेकला असेल!

दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी, मधल्या सुट्टीत, त्या कागदाच्या भाकऱ्या कापत बसल्या होत्या. अर्धीचा तुकडा मोठा, तिसऱ्या हिश्श्याचा लहान. लहान-मोठे तुकडे एकत्र मोजायचे कसे? आणि त्यांची कात्री थांबली. मोजायचेच नाहीत! आधी सगळे सारखे करायचे. अर्धीचे तीन तुकडे, तिसऱ्या हिश्श्याचे दोन. असे सहा म्हणजे अख्खी भाकरी.

"सहातले पाच!" बाई इतक्या जोरात ओरडल्या की श्रुतिका डबा टाकून धावत आली. बावीस वर्षांत एकाही गिअरने त्यांना एवढा आनंद दिला नव्हता.

सोळाव्या दिवशी टोपी दहा मिनिटं डोक्यावर राहिली. "झालं," डॉक्टर म्हणाल्या. बाईंनी घाईघाईने कागदावर पाच-सहा गणितं सोडवली. सगळी बरोबर आली. त्यांचे डोळे भरून आले. दुपारच्या पाठात एका मुलाने फळ्यावर दोन छेद पाच लिहिलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मलाही हेच वाटलं होतं. चल, बघू काय होतंय." पोरांनी पाठ पास केला. नेमणुकीचं पत्र हातात आलं, आणि बाईंनी घरी फोन लावला तर बोलणं राहिलं बाजूला, त्या नुसत्या हसतच राहिल्या.

मग त्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. "एक विचारू? मला गुरुवारीच आलं होतं. टोपीनं नवीन काही आल्यासारखं वाटलं नाही."

डॉक्टरांनी उठून दार लावलं. "परती नसतेच, बाई. पुसलेलं परत आणणं अजून कुणालाच जमलेलं नाही. त्या दिवशी टोपी नुसती गरम होते."

"म्हणजे फसवलंत की आम्हाला!"

"हो," डॉक्टर म्हणाल्या. "आधी सांगितलं असतं तर तुम्ही घाबरला असता, आणि घाबरलेल्या माणसाला काही शिकता येत नाही. नेमणूक झाल्यावर मात्र मी प्रत्येकाला खरं सांगते."

"आणि ज्यांना येतच नाहीत ते?"

"त्यांना 'परती पुढे ढकलली' म्हणून सांगतो आणि आणखी पंधरा दिवस बसवतो. दोघं जण अजून सहावीत आहेत."

बाईंना राग आला, पण तो फार टिकला नाही. अपूर्णांक आपल्याला कुणी परत दिले नाहीत, आपण मिळवले, हे कळून उलट बरंच वाटलं. "मग माझे आधीचे?"

"ते कुणी शिकवले होते?"

"वडिलांनी. पेरू कापून." बाईंनी डोळे मिटले. वडील दिसले, सुरी दिसली, ताटलीतल्या फोडी दिसल्या. वडील काहीतरी समजावून सांगत होते, ओठ हलत होते. काय सांगत होते, त्यातलं एक अक्षर लागेना. वडिलांना जाऊन अकरा वर्षं झाली होती.

"शिकवणाऱ्याचं बोलणं तेवढं पुसणीबरोबर जातं," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. मग त्यांनी दुसरा कागद पुढे केला. "सातवीला शिकवायचं तर ऋण संख्यांची पुसणी करावी लागते. सक्ती नाही. आणि आता तुम्हाला सगळं माहीत आहे."

बाईंनी पेन उचललं आणि पुन्हा डोळे मिटले. ऋण संख्या आपल्याला कुणी शिकवल्या? कुठलातरी वर्ग असेल, फळा असेल, कुणी सर किंवा बाई असतील. त्यांनी नाव आठवून पाहिलं, चेहरा आठवून पाहिला, निदान आवाज तरी. कुणीच आठवेना.

बाईंना हायसं वाटलं. त्यांनी सही केली.