सौंदर्यासाठी म्हणे!

"हा फोटो तुमचा नाही," विमा कंपनीच्या काउंटरवरच्या बाईंनी पॉलिसीवर बोट आपटत सांगितलं.

"माझाच आहे."

"या वेगळ्याच कोणीतरी आहेत. चांगल्या भरलेल्या चेहऱ्याच्या."

"अहो, अठ्ठावन्न किलो कमी झालेत माझे. ते परत आणून दाखवू का?"

मैत्री वाघमारेच्या मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. मग तोच आवाज म्हणाला, "मॅडम, आधारचा अंगठा घेऊन बघा ना. अंगठा काही बारीक होत नाही."

अंगठा जुळला. मैत्रीने वळून पाहिलं. उंच, सावळा, गळ्यातलं ओळखपत्र शर्टच्या खिशात खुपसलेला तरुण. डोळे अजून हसतच होते.

"प्रज्ञेश," तो म्हणाला. "मी इथेच, चौथ्या मजल्यावर असतो. कागद बघतो. चहा घेणार का? तुमचा राग पाहून मलाच घाम फुटलाय, बाप्पा!"

तो 'बाप्पा' ऐकूनच तिला कळलं, स्वारी नागपूरची.

आता तिच्या रागाचं कारण सांगायला हवं, नाहीतर पोरगी उगाच भांडकुदळ वाटायची. अडीच वर्षं ती पहाटे येरवड्याच्या घरातून निघून पुलापर्यंत चालत गेली होती. लग्नकार्यांत मावशा-काकूंचे आग्रह परतवून ताटावरून उठली होती. वजन गेलं. पण ताणलेली कातडी कुठे जाणार? ती पोटावरून घडी पडून लोंबत राहिली. घडीत घाम साचे, घामाने पुरळ उठे, पुरळाची जखम होई आणि जखमेत पू. दोनदा ती तापाने फणफणली. रोज सकाळी त्या घडीत मऊ सुती कापड ठेवून ती कोथरूडच्या क्लासमध्ये गणित शिकवायला जाई. दंडाची कातडी हलते म्हणून ऑक्टोबरच्या उन्हातही पूर्ण बाह्या, आणि फळ्याच्या फक्त खालच्या अर्ध्यावर लिहिणं!

डॉक्टरांनी स्वच्छ लिहून दिलं, ही जादा कातडी काढावीच लागेल. कंपनीने तीन ओळींत उत्तर पाठवलं. शस्त्रक्रिया सौंदर्यवर्धनासाठी असल्याने क्लेम नामंजूर.

सौंदर्यासाठी म्हणे! वाहणाऱ्या जखमेत सौंदर्य दिसणारा हा रसिक कोण? पत्राखाली नावसुद्धा नव्हतं. नुसतं 'क्लेम ऑफिसर क्र. ४१७'.

चहाच्या टपरीवर तिने ते पत्र प्रज्ञेशसमोर आदळलं. "हा चारशे सतरा भेटू दे मला एकदा. त्याच्या पोटावर ओलं फडकं बांधीन आणि दिवसभर भर उन्हात उभा करीन."

प्रज्ञेशने पत्र वाचलं... पुन्हा वाचलं. त्याचं हसू कुठल्या कुठे गेलं. चहाचा ग्लास तसाच हातात राहिला.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही. हे चुकीचं आहे," तो हळूच म्हणाला. "तुम्ही आधी कंपनीकडे लेखी तक्रार द्या. महिनाभरात न्याय मिळाला नाही, तर विमा लोकपालांकडे जा. आणि त्वचेच्या डॉक्टरांच्या सगळ्या चिठ्ठ्या तारखेने लावा. ताप, जखम, औषधं... सगळं."

मग दर शनिवारी क्लास सुटल्यावर ते भेटू लागले. आधी कागद लावायला... मग कागद लावून झाले तरी. तुम्हीचं तू कधी झालं, दोघांच्याही लक्षात आलं नाही. तो तिच्या अर्जातली वाक्यं आखूड करायचा, ती त्यात पुन्हा राग भरायची.

"'निर्लज्ज' हा शब्द काढ," तो म्हणायचा.

"का? चारशे सतराला झोंबेल?"

"झोंबलाच आहे," तो मान खाली घालून म्हणायचा. तिला वाटायचं, बोलण्याची पद्धत असेल.

एकदा उन्हात चालताना त्याने बॅगेतली पाण्याची बाटली काढून तिच्या हातात दिली आणि म्हणाला, "एक सांगू? रागावतेस तेव्हा तुझी डावी भुवई आधी वर जाते. मग उजवी."

"आणि तू हे टिपत बसतोस?"

"दुसरं कामच काय मला..."

तिला हसू आलं. किती दिवसांनी कोणी तिच्याकडे बघत होतं, आणि 'आधी' आणि 'नंतर' असं मोजत नव्हतं. त्या रात्री तिने आईला, शालनताईंना, प्रज्ञेशबद्दल सांगून टाकलं.

तक्रारीवर कंपनी ढिम्म हलली नाही. जानेवारीत लोकपालांसमोर सुनावणी लागली. पत्र लिहिणाऱ्या अधिकाऱ्यानेच हजर राहावं, असं बजावण्यात आलं होतं. चारशे सतराला ऐकवायच्या वाक्यांची आदल्या दिवशी उजळणी करून मैत्री खोलीत शिरली...

कंपनीच्या खुर्चीत प्रज्ञेश बसला होता.

तिला आधी वाटलं, तो आपल्यासाठी आलाय. मग त्याच्यासमोरची पाटी दिसली, 'क्लेम ऑफिसर क्र. ४१७'.

लोकपाल बाईंनी विचारलं, "क्लेम कशाच्या आधारावर नाकारला?"

प्रज्ञेश उठून उभा राहिला. "कशाच्याच नाही, मॅडम. आम्हाला दिवसाला साठ फाइली संपवाव्या लागतात. कॉम्प्युटरवर 'त्वचा काढणे' दिसलं की 'सौंदर्यवर्धन' हे कारण आपोआप येतं. मी फक्त बटण दाबलं. फाइल उघडलीच नव्हती. नंतर उघडली, तेव्हा क्लेम मंजूर करावा असं वरिष्ठांना लिहिलं. त्यांनी मला इथे गप्प राहायला सांगितलंय."

ज्या कबुलीसाठी मैत्री तीन महिने भांडत होती, ती समोर उभी होती, आणि तिला रडू फुटत होतं.

बाहेर जिन्यात त्याने तिला गाठलं. "मैत्री..."

"तुम्ही बोलू नका!" ती फिरली. "दर शनिवारी समोर बसून शिव्या ऐकत होतात? मी तुम्हाला माझ्या जखमांच्या तारखा वाचून दाखवत होते!"

"पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. भीती वाटली... तू परत येणार नाहीस याची."

"फोटो? माझ्या पोटाचे फोटो होते त्या फाइलीत."

"पाहिले नाहीत," तो म्हणाला. "डॉक्टरांच्या चिठ्ठ्या पुरल्या. ते फोटो बघणं माझं काम होतं तेव्हा मी आळस केला. तुला भेटल्यावर... ते माझं काम उरलं नव्हतं."

ती भराभर जिना उतरून निघून गेली.

दहा दिवसांनी निकाल आला. क्लेम मंजूर. शालनताईंनी गल्लीभर पेढे वाटले आणि लेकीकडे बघून म्हणाल्या, "जिंकलीस ना? मग तोंड का असं?"

"आई, त्याने मला फसवलं."

"हो. आणि तुझ्यासाठी नोकरीही पणाला लावली. दोन्ही खरंच आहे. आता काय ते तू ठरव."

कंपनीने प्रज्ञेशला महिन्याची नोटीस दिली होती. तो ऑफिसातलं सामान आवरत असताना फोन वाजला.

"सोमवारी ऑपरेशन आहे," मैत्री म्हणाली. "हॉस्पिटलच्या फॉर्मवर रुग्णासोबत राहणाऱ्याचं नाव विचारलंय. आईचे गुडघे दुखतात, ती रात्रभर बसू शकत नाही. म्हणून तुझं लिहिलंय."

पलीकडे सामानाचं खोकं धपकन खाली पडलं.

"खूश होऊ नकोस. माझा राग गेलेला नाही. वर्षभर जाणार नाही. पण तू मला आवडतोस, आणि याचाच मला जास्त राग येतोय!"

"मैत्री, मी आत्ता..."

"थांब. नावाच्या पुढे 'नातं' असा रकाना आहे. तो कोरा ठेवलाय." तिचा आवाज आता जरा ओला झाला होता. "ये आणि भर. पण आधी मी सगळं दाखवणार आहे... पोट, दंड, जखमांचे डाग, सगळं. ते बघायचं. मगच लिहायचं."

"आणि बघूनही मला तिथे 'होणारा नवरा' असंच लिहावंसं वाटलं तर?"

"तर ठळक अक्षरांत लिही," ती म्हणाली, "आणि खाली नंबर नाही, नाव टाक."