उमेंद्रच्या मानेचा पट्टा

"माझ्या पुतण्याच्या घरची गोष्ट आहे. हसाल तर उठून जाईन," चैतराममामांनी अंगणात बसलेल्या पोरापोरींना आधीच दटावलं.

पोळ्याच्या दुपारी पुतण्याची, उमेंद्रची, बायको मंजू मुर्री गावाहून गोंदियाला गेली. नवऱ्याच्या मानेच्या पट्ट्याची चिकटपट्टी सैल झाली होती, नवी आणून लावायची होती. धानाच्या रोवणीच्या वेळी उमेंद्र ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडला आणि मानेचं हाड तडकलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नको. पट्टा घट्ट राहिला तर हाड आपणच जुळेल. पण मान वळली, तर हातपाय कायमचे गेले समजा.

एवढं साधं बोलणं, पण गावात कोणाच्या डोक्यात शिरेल तर शपथ! जो येई तो म्हणे, छोटेलाल असता तर एका झटक्यात बसवली असती. छोटेलाल म्हणजे जवसाचं तेल चोळून हाडं बसवणारा म्हातारा, उन्हाळ्यातच मेलेला. सांगून सांगून मंजूचं तोंड दुखलं.

त्या रात्री अवसेच्या अंधारात उमेंद्रच उखडला. "खाजून राहिली मान! ये गा छोटेलाल, बसव एकदाची!"

"मेलेल्याले हाक मारता? तेही अवसेले? अक्कल ट्रॉलीतच राहिली का तुमची?"

तो हसला. तिला रडू आलं, रागाचं.

तेवढ्यात दाराची कडी वाजली.

"कोन होय?"

दार तर आतून बंद. तरी खोलीत जवसाच्या तेलाचा वास भरला. उमेंद्रच्या उशाशी खाट करकरली, कोणी टेकल्यासारखी. आणि पट्ट्याची नवी पट्टी... चर्रर्र... आपोआप सुटू लागली.

"मंजू... गार हात... मानेवर..."

तिनं झेप घेतली. पट्टा दोन्ही हातांनी दाबून धरला.

"हात काढ, बुढ्या! जुळून राहिलं हाड माझ्या माणसाचं! कायले आला?"

तिनं पट्टा आणखी घट्ट दाबला.

मग तिच्या कानामागे, अगदी हळू...

"मंग... त्याच्या जागी तुही मान दे."

ती हलली नाही. वळली नाही. उजाडेपर्यंत हात सोडले नाहीत.

दिवाळीनंतर पट्टा निघाला. हाड जुळलं होतं. उमेंद्र आता धानाची पोती उचलतो.

"आन् मंजूकाकू?" एका पोरीनं विचारलं.

मामांनी स्वतःच्या मानेवरून हात फिरवला.

"रोज साबण लावून घासते बिचारी. मानेवर पाच बोटं हायेत... तेलाची. अजून ओली."