कोणतरी आत हाय

सौरभ पहिल्यांदा उरवड्याच्या कारखान्यात आला, तेव्हा ऑफिसातल्या गौतमीनं त्याला जुन्या बॅटऱ्या उचलायला आलेला समजून मागच्या दाराला धाडलं होतं. तोही गुमान गेला. मग वळसा घालून पुढच्या दारानं आला आणि म्हणाला, "बॅटऱ्या तितं न्हाईत. आता सर्व्हर दाखवता का?"

तेव्हापासून ती त्याला 'बॅटरीवाले' म्हणायची.

ऑफिसात सर्व्हर एकच. हिशेब, स्टोअर, गेटवरचा वजनकाटा, सगळ्यांचा भार त्याच्यावर. त्यावर जुन्याच्या जागी नवा डेटाबेस बसवायचा, तर आधी प्रत्येकानं आपलं काम बंद करून सर्व्हरमधून बाहेर पडायला हवं. आणि दर शनिवारी कोणीतरी आत राहायचंच. सौरभ उसासा टाकून पुढच्या शनिवारचा वायदा करायचा. संशयावरून बोलणी बसायची वजनकाट्यावरच्या कुशाबाकाकांना.

आज मात्र कारखान्याचे मालक जनार्दनशेठनी निक्षून सांगितलं होतं, दिवेलागणीच्या आत झालं तर ठीक, नाहीतर काम दुसऱ्याला. घोटावड्यात नुकतंच दुकान थाटलेल्या सौरभचं हे पहिलंच मोठं काम. काटा बंद, म्हणून गेटबाहेर ट्रक खोळंबलेले, हॉर्नवर हॉर्न... शेठ व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते.

"कोणतरी आत हाय," सौरभ पुटपुटला.

गौतमीच्या टेबलावरचा पडदा काळा होता खरा, पण बंद होता तो नुसता मॉनिटर. दर शनिवारसारखाच. काम संपलं की हा कशाला येतोय परत, एवढंच तिचं भय. पण आज त्या भयापायी त्याचं दुकान बुडत होतं...

बाहेर शेठ कुशाबाकाकांवर खेकसले. "माझं कवाच बंद हाय वो," काका कळवळले.

ती उठली. मॉनिटर लावला, काम बंद करून सर्व्हरमधून बाहेर पडली, आणि तशीच उभी राहिली.

"मी व्हते आत. दर शनिवारी... मुद्दाम."

सौरभनं मान वर केली नाही. बोटं चालत राहिली. पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती.

पट्टी भरली. त्यानं गेटवर फोन लावला. वजनाची पावती निघाली होती. पहिला ट्रक हलल्याचा आवाज आला, तेव्हा कुठं तो तिच्याकडे वळला.

"आत कोण हाय त्याचं नाव हितं दिसतं," तो म्हणाला. "पहिल्या शनिवारीच दिसलं. एक बटण दाबलं असतं, तर तुमी भाईर."

"मग दाबलं का न्हाई?"

"मलाबी परत यायचं व्हतं." तो कानामागं खाजवत राहिला. "आज दाबणार व्हतो. बोट ठिवलंच व्हतं... तेवढ्यात तुमी उठला."

गौतमीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"आदी कुशाबाकाकांची माफी मागू," ती म्हणाली. "दोघांनी." मग हळूच, "आन् शनिवारी काय सांगून येणार?"

सौरभनं बॅग खांद्याला लावली.

"जुन्या बॅटऱ्या न्यायच्या हायेत की. मागच्या दारानं येतो."