चारशे बारा नंबरचा ठिपका

नांदेडहून लातूरला निघालेल्या एसटीत तो माझ्या शेजारी येऊन बसला आणि गाडी हलायच्या आत त्याचा मोबाइल वाजला.

"काय सांगू गड्या, लई ताप झालाय! नांदेडच्या त्या शिल्पा मॅडमनी असला डेटा दिलाय, की लातूरची सगळी होस्टेलं उत्तरेला बर्फाच्या समुद्रात जाऊन पडलीत. पोरी तिथं काय शिकणार – मासे धरायला?"

मी खिडकीबाहेर बघत होते. कान तापले. कारण नांदेडच्या त्या शिल्पा मॅडम म्हणजे... मीच.

त्याचं बोलणं संपेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "एक्सच्या रकान्यात रेखांश टाका, वायच्या रकान्यात अक्षांश. तुम्ही उलटं टाकलंय."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. आधी नुसतं, मग नीट.

"तुम्ही... शिल्पा मॅडम?"

"हाव."

"आन् मी मन्मथ," तो इतक्या बारीक आवाजात म्हणाला, की मला हसूच फुटलं.

दोन आठवडे आम्ही ईमेलवर भांडत होतो. एकमेकांचा आवाज ऐकला नव्हता, चेहरा पाहिला नव्हता. तेव्हा लातुरात डॉक्टर-इंजिनिअर व्हायला गावोगावची मुलं लोटत होती आणि दोनमजली घरांवर तिसरा, चौथा मजला चढत होता. एका संस्थेनं अशा अकराशे होस्टेलांची पाहणी हाती घेतली होती. कुठलं होस्टेल कुठं, किती मजले, किती मुलं, इमारत कशी, ही सगळी माहिती नांदेडच्या आमच्या ऑफिसातल्या डेटाबेसमध्ये मी भरायची आणि लातुरात बसून मन्मथनं ती नकाशावर आणायची. त्याचं म्हणणं, मी एकदाच फाइल पाठवून मोकळं व्हावं. माझं म्हणणं, फाइल दुसऱ्या दिवशी शिळी होते. नकाशा थेट डेटाबेसला जोडा, म्हणजे मी इथं बदल केला की तिथला ठिपका आपोआप बदलेल.

त्या दिवशी मी लातूरला निघाले होते धाकट्या बहिणीला, नंदाला भेटायला. ती तिथल्याच एका होस्टेलात राहून बारावी करत होती. तिच्याकडे जायच्या आधी मन्मथच्या ऑफिसात थांबले. त्यानं दोन रकाने बदलले... आणि बर्फातले ठिपके क्षणात लातूरच्या गल्ल्यांमध्ये येऊन बसले.

"आली बघा घरी," तो हळूच म्हणाला. मग स्क्रीनकडं बघतच सांगू लागला, "भूकंप झाला तेव्हा मी दहा वर्षांचा. आम्ही देवणीचे, आमच्याकडं काही झालं न्हाई. पण मामाचं गाव किल्लारीकडं. तिथं नुसते दगडमातीचे ढीग. मदतीला आलेल्यांना कुणाचं घर कुठं होतं हेच कुणी सांगू शकेना. मामा दुसऱ्या दिवशी सापडला... जिता न्हाई."

त्याच्यापुढचा गार झालेला चहा मी बाजूला केला आणि दुसरा मागवला.

माझं ऐकून त्यानं नकाशा थेट डेटाबेसला जोडला, आणि त्यानंतर रोज फोन यायला लागला.

"मॅडम, जोडणी तुटली."

"सर्व्हर तर चालू आहे."

"मग... आपोआप जुळली वाटतं."

"पासवर्ड सोडून दुसरं काही विचारायचंय का, सर?"

"हाय. पण ते फोनवर विचारायचं न्हाई."

मी फोन ठेवायचे आणि शेजारच्या टेबलावरच्या सालेहाकडं बघणं टाळायचे. ती मात्र गालात हसत असायची.

जानेवारीतल्या एका दुपारी सव्वादोनला लातूर हादरलं. धक्का लहान होता, पण तिथं लहान धक्क्यालाही माणसं पायात चप्पल न घालता रस्त्यावर येतात. कमकुवत म्हणून नोंदलेली एकशे तीस होस्टेलं मन्मथच्या नकाशावर लाल होती. ती बघून इंजिनिअर निघाले. एकेक इमारत तपासून ते आम्हाला फोन करायचे, मी नोंद करायची, लातुरातला ठिपका हिरवा व्हायचा. म्हणजे तिथं पुन्हा कुणाला धाडायला नको.

चारशे बारा नंबरचा ठिपका लालच होता. औसा रोडच्या पलीकडं, चारमजली. नंदाचं होस्टेल.

मुलींचे मोबाइल वॉर्डनकडं जमा असायचे आणि वॉर्डनचा फोन लागत नव्हता. माझ्या हातून दुसऱ्यांच्या मुलींची होस्टेलं हिरवी होत होती. ऐंशी... नव्वद... तेवढ्यात मन्मथचा फोन आला. नंदा कुठल्या होस्टेलात राहते, हे त्याला ठाऊक होतं.

"चारशे बारा अजून लाल हाय."

"माहितेय," मी म्हणाले.

"विरूपाक्ष साहेब इथं हायत, इंजिनिअर. त्यांना गाडीवर मागं बसवून निघालो. तुम्ही नोंदी थांबवू नका."

पंचवीस मिनिटं. त्या वेळात मी अकरा नोंदी केल्या. एकही आठवत नाही.

"मॅडम, लिहून घ्या," फोनवर त्याला धाप लागली होती. "चारशे बारा. जिन्याला भेग, इमारत रिकामी केली. शहाण्णव मुली, शहाण्णवच्या शहाण्णव बाहेर. कुणाला खरचटलंही न्हाई. थांबा, एकीला बोलायचंय."

"अक्का!" नंदाच होती. "उद्याचा केमिस्ट्रीचा पेपर पुढं गेला गं!"

मी टेबलावर डोकं टेकलं. हसत होते की रडत होते, सालेहालाच विचारावं. तिनं पाठीवर हात ठेवला.

फोन पुन्हा मन्मथकडं गेला.

"शिल्पा..." पहिल्यांदाच, मॅडमशिवाय. "रडताय?"

"न्हाई."

"मी पण न्हाई." त्याचा आवाज ओला होता. "येताना एकच भीती होती. वाईट काही सांगायची वेळ आली असती, तर मला तुम्हाला सांगता आलं नसतं. मला तुम्ही... लई आवडता. बोलायची ही वेळ न्हाई, माहितेय."

"वेळ बरोबर आहे," मी म्हणाले. "मलाही तुम्ही आवडता. आता ठेवा, दुसरी लाइन वाजतेय."

पाचपर्यंत सगळ्या इमारती तपासून झाल्या. कुणालाच काही झालं नव्हतं.

पुढच्या रविवारी मन्मथ नंदाला घेऊन आमच्या घरी, बिलोलीला आला. अण्णा ओट्यावर पेपर घेऊन बसलेले. मी दाराआड.

"अकराला येणार होतात," अण्णा चष्म्यावरून बघत म्हणाले. "एक वाजला."

"अण्णा, हे तीनदा रस्ता चुकले," नंदानं चहाडी केली. "एकदा तर गाडी पार देगलूरकडं घातली!"

"तुम्ही नकाशे काढता ना?"

मन्मथनं रुमालानं कपाळ पुसलं. "काढतो, काका. पण आज... लई घाबरलो होतो."

अण्णांनी पेपर खाली ठेवला. क्षणभर त्याच्याकडं पाहिलं आणि असे मोठ्यानं हसले, की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"ज्वारीची भाकरी चालते ना?" त्यांनी विचारलं. "मग हातपाय धुऊन घ्या."